एफवायला राज्यशास्त्र: आधी व्याख्या की आधी ग्रामसभा?

तासिकावाली: तालुक्याच्या कॉलेजात एफवायबीएला राज्यशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. माझं म्हणणं, पहिला महिना व्याख्या बाजूला ठेवा. लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था, सार्वभौमत्व हे राज्याचे चार घटक पोरं घडाघडा म्हणतात आणि पेपरात लिहून येतात की महाराष्ट्र सार्वभौम आहे कारण ते राज्य आहे. मी परवा नुसतं विचारलं, ग्रामसभेला कोण कोण गेलंय? एकही हात वर नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, मॅडम आमच्याकडे सभेचं रजिस्टरच घरी येतं, आई भाकरी थापता थापता उठते, पदराला हात पुसते आणि सही करते. वर्ग एकदम शांत. मग पूर्ण तास त्यावरच गेला, की ही सही म्हणजे संमती का, अशा सह्यांवर झालेल्या ठरावाला अधिमान्यता येते का, म्हणजे लोक तो योग्य म्हणून मानतील का.

आधी_व्याख्या: मॅडम, तास छान झाला असणार पण मुद्दा पटला नाही. त्या सहीत तुम्हाला अधिमान्यतेचा प्रश्न दिसला कारण तो शब्द तुमच्याकडे आधीपासून होता. गावात कोण कोणाचा माणूस हे पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं हो, त्यांच्याकडे नाही ती भाषा, आणि ती द्यायलाच तर कॉलेज आहे. 'राज्य'चा घोळसुद्धा व्याख्येनेच सुटतो, पहिल्या तासापासून राज्यसंस्था, म्हणजे भारतासारखी सार्वभौम, वेगळं आणि घटकराज्य, म्हणजे महाराष्ट्रासारखं, वेगळं म्हणा. मग संविधानाचं कलम 12 वाचून दाखवा. मूलभूत हक्कांच्या भागापुरतं 'राज्य' म्हणजे केंद्र आणि राज्यांची सरकारं, संसद, विधिमंडळं आणि स्थानिक संस्थाही, म्हणजे तुमची ग्रामपंचायतसुद्धा त्यात आली. हे पारावर बसून कळत नाही.

एसवायचा_पोरगा: मी विद्यार्थी म्हणून सांगतो, दोघांच्याही लक्षात न आलेली गोष्ट. आमच्या वर्गात सरपंचांचा पुतण्या बसतो. गावाचं उदाहरण निघालं की संध्याकाळपर्यंत घरी पोचतं, कोण काय बोललं ते. त्या मुलीच्या आईला कोणी बोललं असेल तर?

तासिकावाली: हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, मनापासून सांगते. यापुढे चिठ्ठ्यांवर लिहून घेईन, गावाचं नाव नको, स्वतःचंही नको. आणि कलम 12 त्याच तासाला घ्यायला हवं होतं, हेही मान्य. पण आधी व्याख्या हे अजूनही मान्य नाही सर. 1989 ला मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं, ही पोरं मतदार यादीत आहेत म्हणजे ग्रामसभेची सदस्य आहेत, आणि हे वर्गातल्या एकालाही माहीत नव्हतं, बारावीला राज्यशास्त्र घेऊन आलेल्यांनासुद्धा.

आधी_व्याख्या: बारावीचं खरंय. पण मग सदस्य म्हणजे कोण, त्याचे हक्क काय, हे सांगताना व्याख्याच करणार ना तुम्ही?

तासिकावाली: करणार. ती मुलगी सभेला जाऊन आल्यावर.