अतिसूक्ष्म मापांची तुलना मुलांना कशी शिकवावी? सल्ला हवा आहे

गणितवर्ग: नमस्कार. मी आठवी-नववीला गणित शिकवते. ऋण घातांकांचे नियम मुलांना पाठ आहेत, तरीही ७.५ × १०^-६ मीटर आणि २ × १०^-५ मीटर यांतले मोठे माप कोणते असे विचारले, की निम्मा वर्ग पहिल्याकडे बोट दाखवतो, कारण सात दोनपेक्षा मोठे आणि सहा पाचापेक्षा मोठे. (घातांक येथे वर चढवून लिहिता येत नसल्याने ^ ही खूण वापरली आहे.) दोन्ही मापे एकाच घातांकावर आणायला लावावीत की सरळ घातांकच पाहायला सांगावेत, आणि उदाहरणे कोणती घ्यावीत, हे कृपया सुचवावे.

सूक्ष्मदर्शी: ताई, सुरुवात एकाच घातांकावर आणूनच करावी असे माझे मत आहे. २ × १०^-५ म्हणजे २० × १०^-६, हे मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिले की ७.५ आणि २० यांत शंका उरत नाही. उदाहरणांसाठी जीवशास्त्राकडे वळावे: तांबड्या रक्तपेशीचा व्यास सुमारे ७.५ × १०^-६ मीटर, ई. कोलाय जिवाणूची लांबी सुमारे २ × १०^-६, करोनाचा विषाणू सुमारे १ × १०^-७ आणि डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रुंदी २ × १०^-९. बातम्यांत येणारे पीएम २.५ आणि पीएम १० (हवेतले अनुक्रमे २.५ आणि १० मायक्रोमीटरपर्यंत व्यासाचे कण; १ मायक्रोमीटर म्हणजे १०^-६ मीटर) हे तर आयतेच उदाहरण आहे. दुसऱ्याची मर्यादा मुले १० × १०^-६ अशी लिहितात आणि दोन्हींचा घातांक -६ पाहून गोंधळतात. सहगुणक, म्हणजे १० च्या घातापूर्वीची संख्या, १ किंवा त्याहून मोठा पण १० पेक्षा लहान का असावा लागतो, हे त्याच वेळी सांगता येते.

अणुरेणू: वरील पद्धत जवळच्या घातांकांपुरती ठीक आहे, पण तिच्यावर फार काळ रेंगाळू नये. हायड्रोजनच्या अणूचा व्यास सुमारे १.०६ × १०^-१० मीटर आणि त्यातल्या प्रोटॉनचा सुमारे १.७ × १०^-१५ मीटर. ही मापे एका घातांकावर आणली की पुन्हा शून्यांची रांग उभी राहते, आणि ती टाळण्यासाठीच तर हे रूप आहे. माझा आग्रह गुणोत्तराचा आहे. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ९.११ × १०^-३१ किलोग्रॅम आणि प्रोटॉनचे १.६७ × १०^-२७ किलोग्रॅम. ९.११ हा आकडा मोठा असूनही इलेक्ट्रॉनच हलका, कारण संख्यारेषेवर -३१ हा -२७ च्या डावीकडे आहे. 'किती पट' असे विचारले, तर घातांकांच्या वजाबाकीतून १०^४ मिळते आणि घाईत दहा हजार पट असे उत्तर येते, पण १.६७ ला ९.११ ने भागल्यास ०.१८ च्या आसपास उरते, म्हणून खरे उत्तर सुमारे १,८३६ पट आहे. घातांक लहानमोठेपणा ठरवतो, पट मात्र सहगुणकाशिवाय निघत नाही.

टूलरूम: यंत्रशाळेतला माणूस म्हणून एवढेच सुचवतो, की तुलनेपूर्वी एकके तपासण्याची सवय लावावी. ४ × १०^-२ मिलिमीटर आणि ६ × १०^-५ मीटर यांत पहिल्याचा घातांक मोठा दिसतो, पण ते माप ४ × १०^-५ मीटर, म्हणजे दुसऱ्याहून लहान आहे. प्रयोगशाळेतल्या साध्या स्क्रू गेजचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १ × १०^-५ मीटर असते. त्याने मोजलेल्या दोन तारांच्या जाडीतला फरक याहून कमी असेल, तर कागदावर कितीही दशांश स्थळे लिहिली तरी जाड तार कोणती हे त्या उपकरणावरून सांगता येणार नाही.

गणितवर्ग: सर्वांचे आभार. आधी एकक, मग सहगुणकाची मर्यादा, मग घातांक, आणि घातांक सारखे निघाले तरच सहगुणक, असा क्रम ठेवते. गुणोत्तर त्याच तासाला घ्यावे का?

अणुरेणू: नको, पुढच्या तासाला घ्यावे. ऋण संख्यांची वजाबाकी आधी एकदा उजळून घ्यावी; -२७ मधून -३१ वजा करताना बरीच मुले -५८ लिहितात.