मशीन लावलं की झालं? येऊन बघा एकदा

गंगावेशकर:
काल इथं एकानं लिहिलंय, 'कर्णबधिर शाळा बंद करा, ऐकायचं मशीन लावा नि पोरगं साध्या शाळेत घाला.' डोकंच फिरलं. माझ्या लेकीचं निदान अडीचव्या वर्षी झालं. मशीन लावल्यावर आवाज आला, अर्थ नाही आला. 'पाणी' म्हणजे काय ते कर्णबधिरांच्या बालवाडीतल्या बाईंनी पेला पुढं धरून महिनाभर शिकवलं. वर्गात आठ पोरं. साध्या शाळेत पन्नास, वर पंख्याची घरघर, बाई फळ्याकडं तोंड करून बोलणार. मशीन ती घरघरपण मोठी करतं!

उचगावचा बाप:
लिहिणारा मीच. ताई, तुमची शाळा दारात. माझ्या भावाचं पोरगं चंदगडचं, सहाव्या वर्षी वसतिगृहात टाकलं. दिवाळीला आलं की आजीशी काय बोलावं कळत नाही त्याला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जवळच्या शाळेचा हक्क आहे.

गंगावेशकर:
अर्धाच वाचलाय. जवळची किंवा विशेष, पसंती आपली, असं आहे. तेही ६ ते १८ वयाला. मी सहाच्या आतलं बोलतेय. भाषा तेव्हाच बसते.

खुणावाला:
मला ऐकू येत नाही. तुमचं दोघांचं सगळं तोंडाच्या बोलण्यावरच चाललंय. आमच्या शाळेत हात हलवला की पट्टी बसायची. १८८० ला इटलीत मिलानमध्ये कर्णबधिरांच्या शिक्षकांनी ठराव केला, खुणा नकोत. मार मी खाल्ला. त्या आजीला चार खुणा कुणी शिकवल्या का?

उचगावचा बाप:
आजी पंचाहत्तरची. तुम्ही येताय शिकवायला चंदगडला?

खुणावाला:
येतो. एसटीचं तिकीट तुम्ही काढा.

कागलची आई:
भांडा निवांत, पण पावसात मशीन सारखं बंद पडतंय, त्याचं कुणीतरी बोला.

गंगावेशकर:
रात्री सेल काढून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. नव्या सेलचा स्टिकर काढला की लगेच घालू नका, त्याला हवा लागते.

कागलची आई:
आणि मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा साचा? कान वाढतोय, मोल्ड ढिला झाला की शिट्टी वाजते. गेल्या महिन्यात गुरुजींनी 'शिट्टी कोण मारतंय' म्हणून पोराला बाकावर उभं केलं. त्याला कशासाठी तेपण कळलं नाही.

खुणावाला:
कुठल्या शाळेत?

कागलची आई:
साध्याच.

उचगावचा बाप:
बरं बाई, जिंकलासा. बालवाडी वेगळी असू दे. पण चंदगडला काढा. वसतिगृह नको म्हणजे नको.

कागलची आई:
नवा मोल्ड कितीला बसतोय?