चार श्रेयांक आणि एक शिक्का

धरमपेठकर : ‘विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज’ या विषयातील इंटर्नशिपला श्रेयांक (क्रेडिट) देणे म्हणजे फुकट राबवून घेण्यावर विद्यापीठाची मोहोर उमटवणे होय, असे एका गृहस्थांनी सकाळी इथे, या चर्चा-मंचावर लिहिले. वाचून राहवले नाही. अभियांत्रिकीचा विद्यार्थी यंत्र चालवायला शिकतो. या विषयाच्या विद्यार्थ्याने ते यंत्र कोणासाठी चालते आणि त्याची राख कोणाच्या अंगणात पडते, हे पाहायचे असते. नागपूरजवळची कोराडी-खापरखेड्याची औष्णिक वीजकेंद्रे, भांडेवाडीत शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्राला जाणारे सांडपाणी, २००२ मध्ये परवानगी मिळालेले आणि विदर्भभर पसरलेले बीटी (जनुक बदललेल्या) कपाशीचे बियाणे, एवढे सारे दाराशी असताना मुलांनी वर्गात टिपणेच उतरवावीत काय? तीस तासांना एक श्रेयांक हा हिशेब मला तरी रास्त वाटतो.

मूळ लेखक : तो गृहस्थ मीच. चार श्रेयांकांसाठी माझ्या मुलीने गेल्या मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात, एका संस्थेत १२० तास सर्वेक्षणाचे अर्ज संगणकात भरले. येण्याजाण्याचे भाडे आम्ही भरले, श्रेयांकांचे शुल्क महाविद्यालयाने घेतले. आपली राख आणि कपाशी तिला खिडकीतूनही दिसली नाही.

सक्करदऱ्याची प्राध्यापिका : तिने निदान १२० तास भरले. माझ्याकडे आलेल्या तीन प्रमाणपत्रांवर एकाच झेरॉक्सच्या दुकानातला शिक्का होता, आणि एकावर तर संस्थेचे नावच चुकलेले होते. विचारल्यावर एक पालक म्हणाले, “मॅडम, शिक्का तर आहे ना?”

महालवासी : शिक्क्यांचा बाजार आम्हांला ठाऊक आहे. पण त्यावर सही कोण करते? आपणच ना?

सक्करदऱ्याची प्राध्यापिका : साठ मुलांमागे मी एकटी आहे, आणि त्यांच्या इंटर्नशिपच्या वह्या वाचण्याचा तास माझ्या कार्यभारात धरलाच जात नाही. सही का केली, हे विचारणाऱ्यांनी एक रविवार त्या साठ वह्या घेऊन बसावे.

धरमपेठकर : मग दोष अंमलबजावणीचा झाला, कल्पनेचा नव्हे. श्रेयांक हजेरीला नव्हे, तर विद्यार्थ्याने त्या कामाविषयी काय लिहिले त्याला द्यावेत. आपल्या मुलीने काही लिहिले होते का?

मूळ लेखक : आपल्या समाधानासाठी कबूल करतो, एक पान लिहिले होते. सर्वेक्षण नळाच्या पाण्याचे होते. प्रश्न कुटुंबप्रमुखाला, म्हणजे घरातल्या पुरुषाला विचारलेले. आणि ‘पाणी किती वाजता येते’ या रकान्यात अर्जामागून अर्ज ‘सांगता येत नाही’ असेच उत्तर होते. पाणी भरणाऱ्या बाईला कोणी विचारलेच नाही, असे तिने नोंदवले.

धरमपेठकर : अहो, हाच तर तो विषय! चारही श्रेयांक त्या एका पानाचे आहेत.

मूळ लेखक : असतील. सही मात्र वहीच्या मुखपृष्ठावर आहे. आतली पाने अजून एकमेकांना चिकटलेलीच आहेत.