प्रतिसाद: शेवटचा पार-३ बदलू नका

अमेरिकेतल्या ग्रीनब्रायर रिसॉर्टसाठी तुम्ही मांडलेला नऊ होलच्या काल्पनिक गोल्फ मैदानाचा आराखडा आवडला. पण 'शेवटचा होल पार-३ (तीन फटक्यांत संपणं अपेक्षित असलेला, छोटा) म्हणजे पचका, तिथे लांबलचक पार-५ हवा' हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. तिथल्याच ओल्ड व्हाइट मैदानाचा (१९१४, रचनाकार मॅकडोनल्ड आणि रेनर) अठरावा होल पार-३ आहे, आणि शेवटच्या एका फटक्यावर सामना लटकलेला बघण्यात वेगळीच मजा असते.

तुमच्या चौथ्या होलला 'रेडान' म्हटलंय, पण नकाशात ग्रीन (झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) सपाट दिसतंय. मग तो रेडान कसला? मूळ रेडान होल स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिक मैदानाचा. नाव तटबंदीच्या पुढे आलेल्या टोकदार भागावरून, आपल्याकडच्या बुरुजाचा चुलतभाऊच म्हणा. ग्रीन तिरकं, उतार खेळाडूपासून दूर, डावीकडे पुढे खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. झेंड्यावर नेम धरायचाच नाही. चेंडू उजवीकडे टाकायचा आणि उताराने डावीकडे घरंगळू द्यायचा. उतार काढलात की उरतो फक्त बंकर.

आणि हॉवर्ड्स क्रीक या ओढ्याला इतकं खेटून तीन ग्रीन? २०१६च्या पुरात तिथल्या मैदानाची धूळधाण होऊन त्या वर्षीची तिथली पीजीए टूरची (व्यावसायिक गोल्फ मालिकेची) स्पर्धाच रद्द झाली होती. निदान दोन तरी वर सरकवा.