बॅडमिंटनमध्ये डबल्स लवकर निवडणं चूक आहे का?

बॅककोर्ट: चौदा-पंधराव्या वर्षी एखाद्या पोराने ठरवलं की मी डबल्सच खेळणार, तर आपल्याकडे अजूनही सगळे हळहळतात, कोच, आईवडील सगळेच. सिंगल्समध्ये जमलं नाही का रे, हा पहिला प्रश्न. मला हे पटत नाही. प्रकाश पदुकोणच्या १९८३च्या ब्राँझनंतर वर्ल्ड चॅम्पियनशिपमधलं पुढचं पदक २०११ला आलं आणि ते ज्वाला गुट्टा-अश्विनी पोनप्पाने आणलं, म्हणजे डबल्सनेच. सात्विक-चिराग या आपल्या जोडीने तर २०२३ला एशियन गेम्सचं गोल्ड घेतलं आणि नंबर वनही झाले. अजून काय सिद्ध करायचं राहिलंय?

हिशेबी: पदकं मान्य, पण पोट पण आहे ना. २०२३ची इंडोनेशिया ओपन बघा, सात्विक-चिराग जिंकले तीच. सिंगल्सच्या विजेत्याला ८७,५०० डॉलर आणि डबल्सच्या जोडीला ९२,५००, दोघांत मिळून! म्हणजे एकेकाच्या हातात ४६,२५०. कोचिंग, फिजिओ, विमानाचं तिकीट यातलं काहीच निम्म्यात येत नाही. वरच्या जोड्यांचं भागत असेल, पण पन्नास-साठ नंबरवाल्यांनी काय करायचं?

बॅककोर्ट: बक्षिसाची वाटणी अन्यायाची आहे हे शंभर टक्के मान्य, पण मग ती बदला म्हणून भांडूया ना, पोराला कशाला अडवायचं? आणि पन्नास नंबरचा सिंगल्सवाला तरी कुठे सुखात असतो. उलट डबल्समध्ये वर्षं जास्त मिळतात. इंडोनेशियाचा हेंद्रा सेतियावान २००८ला ऑलिंपिक जिंकला आणि २०१९ला अहसानबरोबर परत वर्ल्ड चॅम्पियन झाला, पस्तिशीत!

नेटजवळचा: हेंद्राचं नाव सगळेच घेतात हो, पण इंडोनेशियात एक जोडीदार गेला की दुसरा तयार असतो, मागे रांग उभी असते. आपल्याकडे आहे का तशी? माझा आक्षेप पैशाला नाहीच, जोडीदाराला आहे. २०२४च्या एशियन चॅम्पियनशिपला सात्विकचा खांदा दुखावला आणि चिराग फिट असून आदल्या वर्षीचं टायटल राखायला उतरू शकला नाही. दोघंही दुसऱ्याच्या शरीरावर अवलंबून. त्यात जोडी फुटली की रँकिंग परत पहिल्यापासून बांधत बसा. पंधरा वर्षांच्या पोराला हे ओझं कशाला, आधी सिंगल्स खेळू दे, पाय तयार होऊ दे, मग विसाव्या वर्षी वळव.

सर्व्हिस_रिटर्न: विसाव्या वर्षी फार उशीर होतो, हे मी मुलांना शिकवतो म्हणून ठामपणे सांगतो. सिंगल्समध्ये मुरलेलं पोरगं सर्व्हिस टाकून सवयीने मध्यावर मागे येतं, डबल्समध्ये तिथेच मार खातो आपण. शॉर्ट सर्व्हिस केली की रॅकेट वर धरून तिथेच नेटवर उभं राहायचं असतं, कारण रिटर्न आला की तिसरा शॉट तुमचाच, आणि तो नेटच्या टेपच्या वर पकडला तर पॉइंट, खाली गेल्यावर पकडला तर शटल उचलून द्यावं लागतं आणि समोरचा स्मॅश मारतो. हे डोक्याने नाही होत, हातात बसावं लागतं आणि ते लहानपणीच बसतं. सात्विक आणि चिराग दोघंही मागून मारणारे होते, कोच तान किम हर यांनी त्यांना एकत्र आणलं तेव्हा पुढचा खेळ नव्याने शिकावा लागला.

नेटजवळचा: पण शिकले ना शेवटी! माझा मुद्दा तोच आहे, नंतरही शिकता येतं.

सर्व्हिस_रिटर्न: शिकले, पण तेव्हा कुमार वयातच होते हो, विशी कुठे उलटली होती. पुरुषांच्या सांघिक स्पर्धेची, थॉमस कप २०२२ची फायनल परत बघा, इंडोनेशियाच्या अहसान-सुकामुल्जोसमोर सात्विक-चिरागचा पहिला गेम गेला, दुसरा २३-२१, तिसरा २१-१९. दोन-दोन पॉइंटांवर मॅच लटकलेली असताना शॉर्ट सर्व्हिस टाकायला जो हात लागतो तो विशीनंतर सुरुवात करून कधी तयार व्हायचा?

हिशेबी: खेळाचं पटलं. पण माझ्याकडे कोणी आईबाप आले तर मी त्यांना वाटणीचे आकडे आधी दाखवणार, मग ठरवा म्हणणार.