जॅझची साखळी-कोडी: कडी कुठे धरायची, कुठे तुटते?

खान्देशी_श्रोता, जळगाव

राम राम मंडळी. पुढच्या महिन्यात जळगावला जॅझवर प्रश्नमंजूषा ठेवली आहे. सहा संघ, चार फेऱ्या. येणारे बहुतेक शास्त्रीय संगीताचे कानसेन, आणि दोन संघांत लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट-क्लॅरिनेट वाजवणारी मंडळी. एक फेरी साखळीची करायची आहे: दोन टोकांची नावं आम्ही द्यायची, मधली माणसं संघांनी शोधायची. शेजारच्या दोघांनी एकत्र वाजवलं-गायलं असेल तर ती एक कडी.

नमुना केला आहे, ठुमरी गायिका शोभा गुर्टू ते जॅझ गायिका आशा पुतळी. माझं उत्तर तीन कड्यांचं: शोभाताई – त्यांचा मुलगा, तालवादक त्रिलोक गुर्टू – ट्रम्पेटवाला डॉन चेरी – आशा पुतळी. त्रिलोकच्या 'उस्फ्रेट' या रेकॉर्डवर (१९८८) शोभाताईंचा आवाज आहे आणि चेरीही आहे. पुढे चेरी आणि आशाताई दोघंही सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' या रेकॉर्डवर आहेत. हे धरायचं का? आणि तालाच्या फेरीत काय ऐकवावं, तेही सुचवा.

तापीकाठ, भुसावळ

भाऊ, पहिल्या दोन कड्या पक्क्या. तिसरी तुटते.

'सायन्स फिक्शन'च्या कलाकारांत दोघांची नावं आहेत खरी, पण आशाताई त्यात दोनच गाणी गायल्या: 'व्हॉट रीझन कुड आय गिव्ह' आणि 'ऑल माय लाइफ'. त्या दोन्हींत ट्रम्पेटवर चेरी नाही, कार्माइन फोर्नारोट्टो आणि जेरार्ड श्वार्ट्झ आहेत. चेरी वाजवतो 'सिव्हिलायझेशन डे' आणि 'स्ट्रीट वूमन'मध्ये. दोन्हीकडे असलेला माणूस ऑर्नेट, म्हणून साखळी त्याच्यातूनच न्यावी लागते: शोभाताई – त्रिलोक – चेरी – ऑर्नेट – आशाताई. चार कड्या.

नियम असा ठेवा की कडी ट्रॅकवर धरायची, तबकडीवर नाही. एकाच संमेलनात एक जण दुपारी गायला आणि दुसरा रात्री, तर ते दोघं एकत्र गायले असं आपण म्हणत नाही. तसंच हे. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये (१९५९) हा सापळा फार सुंदर बसला आहे. पियानोवर बिल एव्हन्स, पण 'फ्रेडी फ्रीलोडर' या एकाच रचनेत विन्टन केली. म्हणजे एव्हन्स आणि केली एकाच रेकॉर्डवर असूनही एकमेकांशी जोडलेले नाहीत, मध्ये माइल्स लागतो.

याहून बारीक गोष्ट सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या २६ नोव्हेंबर १९४५च्या ध्वनिमुद्रणात आहे. त्या दिवशी माइल्स स्टुडिओत होता, 'नाऊज द टाइम'मधलं ट्रम्पेट त्याचंच. पण 'को-को'मधलं ट्रम्पेट डिझी गिलेस्पीचं. म्हणून 'पार्कर – माइल्स' ही कडी 'को-को'वर लावली तर गुण द्यायचे नाहीत, 'नाऊज द टाइम'वर लावली तर पूर्ण द्यायचे. संघाने नुसती नावं न सांगता रचना सांगितली पाहिजे, हे फेरीआधीच जाहीर करा. नाहीतर तिथे वाद होणार.

सालाचंही आधी ठरवा. 'सायन्स फिक्शन' वाजवलं गेलं सप्टेंबर १९७१मध्ये आणि बाजारात आलं १९७२ला. प्रश्नात 'कधी आलं' असं मोघम लिहिलंत तर दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात.

गिरणाकाठची, चाळीसगाव

तापीकाठदादांच्या म्हणण्यात एक भर. जळगावच्या बाजारात 'चौधरी' म्हणून हाक मारली तर दहा जण वळतील, जॅझमध्ये 'जोन्स'चं तेच आहे. हँक, थॅड आणि एल्विन हे तिघं सख्खे भाऊ: हँक पियानोवर, थॅड काउंट बेसीच्या वाद्यवृंदात ट्रम्पेटवर, एल्विन सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत ड्रमवर. सॅम जोन्स आणि क्विन्सी जोन्स यांचं त्यांच्याशी काही नातं नाही. 'जो जोन्स' तर ड्रमवरच दोन. बेसीबरोबरचा तो जो जोन्स, 'पापा जो'. माइल्सबरोबरचा तो 'फिली' जो. आणि प्रश्नाच्या कार्डावर नुसतं 'निधन १९८५' लिहून चालणार नाही, कारण दोघंही त्याच वर्षी गेले: फिली जो ३० ऑगस्टला, पापा जो ३ सप्टेंबरला.

बिल एव्हन्स हेही दोन आहेत, आणि दोघंही माइल्सबरोबर वाजवलेले. एक १९५०च्या दशकाच्या शेवटी पियानोवर, दुसरा १९८०च्या दशकात सॅक्सोफोनवर. म्हणून कार्डावर नावापुढे वाद्य छापाच.

सोपा पण हमखास दाद घेणारा प्रश्न हवा असेल तर हँकचा घ्या. १९६२ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मर्लिन मन्रोने राष्ट्राध्यक्ष केनेडींना वाढदिवसाचं गाणं म्हटलं, तेव्हा पियानोवर साथ कोणाची? हँक जोन्सची.

मात्रा_मोजणारा, शहादा

तालाच्या फेरीला पियानोवाल्या डेव्ह ब्रुबेकच्या 'टाइम आउट'मधल्या (१९५९) दोन रचना पुरेत.

'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं आहे, आणि तुमच्याकडचे कानसेन इथेच घसरतील. पाच मात्रा म्हटल्या की आपला हात अर्ध्या झपतालावर जातो, २+३. हे मात्र ३+२ आहे. २+३ने टाळी धरली की दुसरी टाळी तिसऱ्या मात्रेवर पडते, पियानोचा जोर मात्र चौथीवर येतो, आणि दोन-तीन आवर्तनांत माणूस समच सरकवून घेतो. म्हणून पियानोच्या ठेक्यापासूनच ऐकवा. सॅक्सोफोन सुरू झाल्यावरचा तुकडा दिला तर सगळं लक्ष सुरावटीकडे जातं.

'ब्लू रोंडो आ ला टर्क' नऊ मात्रांचं. नुसतं 'नऊ' सांगणाऱ्याला अर्धेच गुण द्या, विभाग विचारा. तीन आवर्तनं २+२+२+३ जातात आणि चौथं ३+३+३. पूर्ण फेरा ३६ मात्रांचा. तुकडा मध्येच तोडू नका, निदान दोन पूर्ण फेरे होऊ द्या, नाहीतर चौथ्या आवर्तनातला बदल पकडायला संधीच मिळत नाही.

'टेक फाइव्ह' कोणाचं, असा प्रश्न काढलात तर उत्तर ब्रुबेक नाही. रचना सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडची. १९७७ला तो गेल्यावर मृत्युपत्राप्रमाणे तिचं मानधन अमेरिकन रेड क्रॉसला जाऊ लागलं.

'को-को'चा विषय निघालाच आहे तर चालींची जोडीही लावा. पार्करचं 'को-को' हे 'चेरोकी' या जुन्या गाण्याच्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या क्रमावर) उभं आहे: सांगाडा तोच, सुरावट नवी. फक्त सुरुवातीचे साधारण २५ सेकंद वगळा. तिथे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनचं आपसातलं चालतं, कॉर्ड नसतातच, त्यामुळे तेवढंच ऐकवलं तर 'चेरोकी' कोणालाच ओळखू येणार नाही. आणि ड्यूक एलिंग्टनचं १९४०चं 'को-को' पूर्ण वेगळं आहे, दोन्ही फाइलींच्या नावात वादकाचं नाव घाला.

खान्देशी_श्रोता, जळगाव

चेरी – आशाताई कडी काढली, मनापासून आभार. शेवटच्या फेरीला शोभाताई ते माइल्स अशी केली: शोभाताई – त्रिलोक ('उस्फ्रेट'), त्रिलोक – गिटारवाला जॉन मॅक्लॉफ्लिन (रॉयल फेस्टिव्हल हॉलची मैफल, १९८९), मॅक्लॉफ्लिन – माइल्स ('इन अ सायलेंट वे', १९६९). तीन कड्या. आता ट्रम्पेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगला मुंबईशी जोडायचं आहे.

तापीकाठ, भुसावळ

ही साखळी निर्दोष आहे, ठेवा.

आर्मस्ट्राँगला एकच कडी पुरते. टेडी वेदरफर्ड, पियानोवादक. १९२६ला शिकागोत अर्स्किन टेटच्या व्हेन्डोम ऑर्केस्ट्राने 'स्टॅटिक स्ट्रट' आणि 'स्टॉम्प ऑफ, लेट्स गो' या दोन रचना रेकॉर्ड केल्या, त्यांत आर्मस्ट्राँग आणि वेदरफर्ड एकत्र आहेत. हाच वेदरफर्ड १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, पुढे कोलकात्याला गेला आणि १९४५ला तिथेच कॉलऱ्याने वारला. कोडं उलट्या बाजूने विचारा: 'ताजमध्ये वाजवणारा कोणता पियानोवाला आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डवर ऐकू येतो?' शोधायला जास्त मजा येते.

आर्मस्ट्राँगची जन्मतारीख मात्र विचारू नका. तो स्वतः ४ जुलै १९०० सांगायचा, चर्चच्या नोंदीत ४ ऑगस्ट १९०१ आहे. विचारायचीच असेल तर 'बाप्तिस्म्याच्या नोंदीप्रमाणे' हे शब्द प्रश्नात घाला.

गिरणाकाठची, चाळीसगाव

नावावरून जुळणारी नाती कडी म्हणून घेऊ नका, पण बरोबरी झाली तर निर्णायक प्रश्न म्हणून चांगली आहेत. दोन देते. ट्रम्पेटवाल्या विन्टन मार्सेलिसचं नाव कोणावरून? वर आलेल्या विन्टन केलीवरून. कोल्ट्रेनच्या मुलाचं नाव रवी कोणावरून? पंडित रविशंकरांवरून. दुसरा आधी विचारलात तर सगळ्याच संघांचे हात वर जातील, बरोबरी सुटणार नाही. केलीचाच आधी घ्या.