शब्दचर्चा : ‘दम लागतो’, पण किती?

प्रश्न : हृदयाच्या रिपोर्टवर ‘एनवायएचए क्लास 3’ लिहिलंय. मराठीत टप्पा म्हणावं की श्रेणी? आणि दम, धाप, घुसमट हे एकच का?

उत्तर : श्रेणीच म्हणा. हृदय कमी पडतं (हार्ट फेल्युअर) तेव्हा वापरायची न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनची (एनवायएचए) ही वर्गवारी 1928ची; ती फक्त श्रमाने होणारा त्रास मोजते. पहिलीत रोजच्या कामाने त्रास नाही, दुसरीत रोजच्या कामाने दम लागतो, तिसरीत त्याहून हलक्या कामानेही, चौथीत बसल्या जागी. औषधांनी तिसरीतला पेशंट दुसरीत येऊ शकतो. ‘टप्पा’ हा याच आजाराच्या, तो किती पुढे गेलाय हे सांगणाऱ्या ए ते डी अशा दुसऱ्या मोजणीसाठी राखावा. तिथे सी, म्हणजे त्रास सुरू झाल्याचा टप्पा, गाठला की बरं वाटलं तरी बीमध्ये परत जाता येत नाही.

दुसरं उत्तर : खरी अडचण ‘रोजचं काम’ या शब्दांत आहे. नाशिकजवळ दिंडोरीच्या द्राक्षबागेत दिवसभर हात वर करून थिनिंग (घडातले मणी विरळ करणं) करणारी बाई आणि नाशकात कॉलेज रोडला घरीच असणारे निवृत्त आजोबा यांचं रोजचं काम एक नाही. म्हणून ‘दम लागतो का?’ एवढंच विचारू नये. जिना किती मजले चढता, मधे थांबता का, बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता का, हे विचारावं. त्याहून मोलाचा प्रश्न म्हणजे ‘काय करायचं सोडलंत?’ पेशंट जिनाच टाळतो, मग दम लागत नाही, आणि कागदावर चुकून पहिली श्रेणी पडते.

शब्दांबद्दल : दम आणि धाप बोलण्यात सरमिसळ होतात, ते चालेल. ‘दमा’ मात्र फुप्फुसाचा आजार. ‘त्यांना दम्याचा त्रास’ असं सांगितलं की तपासणारा भलत्या दिशेला जातो. आडवं झाल्यावर धाप लागत असेल तर उशा किती घेता ते सांगावं. झोपेतून तासा-दोन तासांनी घुसमटून जाग येते, उठून बसल्यावर बरं वाटतं, हे वेगळं सांगावं. वाकल्यावर 30 सेकंदांच्या आत दम लागणं हीसुद्धा हृदय कमी पडत असल्याची खूण आहे.

पुरवणी : इकोवरच्या (हृदयाच्या सोनोग्राफीवरच्या) पंपिंगच्या टक्क्यावरून, म्हणजे दर ठोक्याला हृदयातलं किती टक्के रक्त बाहेर जातं त्यावरून, श्रेणी ठरवू नका. 30 टक्क्यांचा, म्हणजे पंपिंग बरंच कमी असलेला माणूस दुसरीत असू शकतो आणि 55चा, म्हणजे पंपिंग ठीक असलेला, तिसरीत. रक्त कमी असणं, वजन जास्त असणं यांनीही दम लागतो. ‘हार्ट फेल’ ऐकून घरचे हादरतात, पण हृदय बंद पडलेलं नसतं; शरीराला लागेल तितकं रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतं.

प्रश्न : मग श्रेणी बिघडतेय हे घरी कसं कळणार?

उत्तर : रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी, एकाच काट्यावर वजन करा. 3 दिवसांत 2 किलो वाढलं तर पाणी साठतंय असं समजून डॉक्टरांना कळवा. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा गुलाबी फेस येत असेल, तर श्रेणी मोजत बसू नका, 108ला फोन करा.